मामीची फाईल

घरात कॅन्सर निघाला की आपल्याकडे पहिला फोन जातो ओळखीच्या डॉक्टरला, दुसरा आमदाराच्या पीएला. दोन दिवसांनी कुणीतरी गुपचूप सोनाराकडे जाऊन येतं. सरकारी आरोग्य यंत्रणेचा नंबर या यादीत येतच नाही. ‘सरकारी’ म्हटलं की सिव्हिलच्या व्हरांड्यात जमिनीवर टाकलेल्या गाद्या आठवतात आणि माणूस खासगीच्या दारात जाऊन उभा राहतो. गंमत म्हणजे तोच माणूस पुढच्या वाक्यात म्हणतो, “काही झालं तरी टाटालाच नेऊ.” टाटा सरकारीच आहे, हे कितीतरी जणांना सांगावं लागतं. परळचं हे हॉस्पिटल १९४१ साली टाटांच्या ट्रस्टनं उभारलं हे खरं, पण १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. अणुभट्ट्या चालवणारं खातं आणि देशातलं सगळ्यात नावाजलेलं कॅन्सर हॉस्पिटल एकाच छताखाली, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण किरणोपचारांचा विचार केला की त्यात फारसं विचित्र काही उरत नाही.

हे सगळं मला मामीच्या आजारपणात कळलं. त्याआधी माझंही ज्ञान आमदाराच्या पीएपर्यंतच होतं.

मामी बार्शीपलीकडच्या एका गावातली. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि अचानक परत अंगावरून जायला लागलं. खेड्यातली बाई हे कुणाला सांगत नाही. मामाला तर नाहीच. गावातल्या डॉक्टरनं उष्णता म्हणून गोळ्या दिल्या, त्या संपल्या की परत दिल्या. शेवटी धुण्याच्या कपड्यांवरून सुनेच्या लक्षात आलं. तिनं आशाताईला सांगितलं, आशाताईनं दोघींना घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठलं, तिथल्या बाईंनी तपासून तोंडावर काही न बोलता चिठ्ठी लिहिली. पुढे तुकडा काढून तपासायला पाठवला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, स्टेज दोन-बी. आमच्या सगळ्या गोतावळ्यातलं पहिलं शहाणपणाचं काम आठ इयत्ता शिकलेल्या त्या आशाताईनं केलं होतं, आणि तिला त्याबद्दल कुणी धड आभारही मानले नाहीत.

आता या भागाचा आणि या कॅन्सरचा एक जुना संबंध आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बार्शी, भूम आणि परांडा या तीन तालुक्यांत आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, १९८७ पासून कॅन्सरच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. शहरांतल्या नोंदी आधीपासून होत्या. निव्वळ ग्रामीण भागाची अशी नोंदवही देशात ही पहिली. शहरात हॉस्पिटलांच्या रजिस्टरमधून आकडे मिळतात. खेड्यात माणूस हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नाही तर आकडा कुठून येणार? म्हणून इथं कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांना लक्षणं सांगितली, कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते विचारत राहिले. त्यातून जे दिसलं त्यात बायकांमधला हा कॅन्सर फार होता.

मग १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, असे तिघे त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गावांत एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्यातून होतो त्या विषाणूची तपासणी, काहींत पेशींची, काहींत नुसत्या डोळ्यांनी पाहून करायची. आठ वर्षांनी हिशेब झाला तेव्हा एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरनं झालेले मृत्यू जवळजवळ निम्मे निघाले. २००९ साली हा निष्कर्ष जगातल्या अव्वल वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. चाचणीत चौथाही एक गट होता. त्या बायकांना तपासणी हवी असेल तर कुठे जायचं एवढंच सांगितलं होतं, गावात येऊन तपासलं नव्हतं. तुलनेसाठी असा गट लागतो. पण उपाय ठाऊक असताना तो काही बायकांपासून दूर ठेवायचा का, यावरून पुढे बरीच टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते.

मामीला मी सहज विचारलं, तेव्हा तपासायला कुणी आलं होतं का. “आमच्याकडं कुणीबी आलं न्हवतं बग,” ती म्हणाली. “आलं असतं तरी गेले असते का मी? तवा सासूबाई होत्या.”

निदान झालं आणि पैशाचा विषय निघाला. मामा शेत गहाण टाकायच्या गोष्टी करू लागले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं नाव त्यांनी एसटी स्टँडवरच्या बोर्डावर वाचलं होतं, पण ती ‘पिवळ्या कार्डवाल्यांची’ आहे अशी त्यांची खात्री होती आणि यांचं कार्ड केशरी. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. पिवळ्याइतकीच केशरी कार्डालाही ती पहिल्यापासून होती. १ जुलै २०२४ पासून तर पांढऱ्या कार्डवाल्यांसकट राज्यातल्या सगळ्यांना ती लागू आहे आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. कॅन्सरची ऑपरेशनं, किमो, रेडिएशन या सगळ्याची पॅकेजं आहेत. सरकारनं जाहिरातींवर इतका खर्च केला, फोटो इतके मोठे छापले, तरी माझ्या मामापर्यंत पोचला तो फोटोच.

योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात दाराशी एक टेबल असतं आणि त्यावर आरोग्यमित्र नावाचा माणूस. मराठीत सरकारी नावं सहसा भव्य आणि पोकळ असतात. हे एक नाव बरं जमलंय. आम्हाला भेटला तो पंचविशीतला मुलगा होता. एका बाजूला स्कॅनर, दुसऱ्या बाजूला अर्धा प्यायलेला चहा, समोर दहा-बारा माणसं. त्यानं रेशन कार्ड आणि आधार हातात घेतलं आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून मामाकडे पाहिलं. रेशन कार्डावर मामीचं नाव होतं शालन. आधारवर शालिनी. लग्नात नाव बदललं नव्हतं, शाळेच्या दाखल्यावर एक आणि गावानं हाक मारायचं एक, इतकीच भानगड.

“काका, हे जुळवून आणा. नाहीतर वरून क्वेरी येणार.”

वरून म्हणजे कुठून, ते मी नंतर समजून घेतलं. हॉस्पिटल रुग्णाचे रिपोर्ट आणि कागद ऑनलाइन चढवतं, पुण्या-मुंबईत बसलेले डॉक्टर ते तपासतात, पॅकेज मंजूर करतात. याला टेबलावर सगळे ‘प्री-ऑथ’ म्हणतात. मंजुरी आली की उपचार सुरू, पैसे थेट हॉस्पिटलला. कागदात खोट निघाली की क्वेरी. क्वेरीला उत्तर जाईपर्यंत फाईल थांबते, आणि फाईल थांबली म्हणून गाठ थांबत नाही.

मामांनी तालुक्याला खेटे घातले. पुरवठा शाखेत एक बाबू होता, त्यानं ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या वेळी शपथपत्र आणा म्हणाला. सेतू केंद्रातल्या पोरीनं मात्र शपथपत्राचा नमुना, स्टॅम्प, सही कुठे कुणाची, सगळं एका कागदावर लिहून दिलं. मला वाटतं, आपल्याकडच्या सरकारी योजनेचं खरं स्वरूप हे आहे: वरती लाखोंची तरतूद, आणि खाली ती मिळणार की नाही हे ठरवणारी दोन-चार माणसं, कुणी बाबू, कुणी सेतूतली पोरगी. शिकलेला, रजा काढू शकणारा, मोबाईलवर फॉर्म भरू शकणारा एक माणूस घरात असेल तर पैसा येतो. नसेल तर तो पैसा तिथंच राहतो. ज्यांच्यासाठी योजना केली त्यांच्याच घरात असा माणूस कमी असतो.

नाव जुळेपर्यंतच्या मधल्या काळात आम्ही घाबरून शहरातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात गेलो. योजनेच्या यादीत त्याचं नाव होतं. काउंटरवरची बाई गोड आवाजात म्हणाली, योजनेतले बेड भरलेत, तोवर डिपॉझिट भरून ॲडमिट करा, नंतर बघू. नंतर काही बघता येत नाही, हे आमच्या नशिबानं रांगेतल्याच एका गृहस्थांनी सांगितलं. योजना कॅशलेस आहे. खिशातून भरलेल्या बिलाची भरपाई त्यात नाही. मुख्यमंत्री सहायता निधीचंही तेच, झालेल्या खर्चाला मदत मिळत नाही. मी तिथूनच १५५३८८ ला फोन लावला. ही योजनेची हेल्पलाइन. फोन उचलला गेला, तक्रार नोंदवून घेतली, आणि थोड्या वेळानं त्याच काउंटरवर योजनेचा बेड ‘रिकामा होतोय’ असं कळलं. तोवर आमचं मन उडालं होतं, आम्ही निघालो. पण तो नंबर मी तेव्हापासून ज्याला त्याला देत असतो.

टाटाला मात्र आम्ही गेलोच. मामांचा हट्ट होता. परळच्या फूटपाथवर प्लास्टिक अंथरून बसलेली कुटुंबं, त्यांच्या हातातल्या त्या फायली, एक्स-रेची मोठी पाकिटं, स्टोव्हवर शिजणारा भात. बिहार, बंगाल, आसाम, आपला विदर्भ. आत नोंदणी करताना जनरल की प्रायव्हेट विचारतात. डॉक्टर तेच, खर्चात फरक. एका मजल्यावर मेडिकल सोशल वर्करचा विभाग आहे. कुठल्या ट्रस्टकडे अर्ज करायचा, राहायची सोय कुठे, रेल्वेचा सवलतीचा फॉर्म कुठे भरून मिळतो, हे तिथं नीट बसवून सांगतात. मला वाटतं, टाटामधली अर्धी फरपट या एका दारातून आधी गेलं तर वाचते, पण लोक तिथं पोचतात पैसे संपल्यावर.

टाटातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, तपासलं, आणि जे सांगितलं त्यानं मामांचा चेहराच पडला. “उपचार हेच आहेत. पाच आठवडे रेडिएशन, आठवड्याला एक किमो, शेवटी आतून रेडिएशन. हे तुमच्या भागात होतं. इथं दोन महिने कुठे राहाल?” मामांना वाटलं, आपल्याला टाळलं. टाळलं नव्हतं. देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांनी एकाच पद्धतीनं उपचार करावेत म्हणून २०१२ मध्ये टाटाच्या पुढाकारानं नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली. अणुऊर्जा विभागाचाच पैसा त्यामागे आहे. कुठल्या स्टेजला काय द्यायचं याचे ठरलेले नियम, महागडी औषधं एकत्र मिळून स्वस्तात घ्यायची सोय, हे सगळं त्यात येतं. त्यामागचा हेतूच हा की दर माणसाला परळला यावं लागू नये. दुर्मीळ कॅन्सर असेल, अवघड ऑपरेशन असेल, निदानाबद्दल शंका असेल तर टाटाला जरूर जावं. पण सरधोपट, ठरलेल्या उपचारांसाठी घरापासून तीनशे-चारशे किलोमीटरवर फूटपाथवर झोपणं ही भक्ती झाली, आणि ती महागात पडते.

मामी परत आली आणि उपचार जवळच झाले. रेडिएशनचा शेक घ्यायला रोज एसटीनं जायची, चार वाजता घरी. आल्यावर म्हशीला पेंड ठेवायची, नको म्हटलं तरी. तोंडाला चव नव्हती, जुलाबानं जीव मेटाकुटीला यायचा, पण रात्र स्वतःच्या अंथरुणावर काढायची. हे औषधाच्या कुठल्याही पॅकेजमध्ये लिहिलेलं नसतं.

पॅकेजमध्ये न लिहिलेल्या दुसऱ्याही गोष्टी असतात. उपचार सगळे योजनेतून झाले तरी मामांचे पैसे गेलेच. निदानाआधीच्या तपासण्या, स्कॅन, गाडीभाडं, सोबत आलेल्याचा रोज बुडला तो, नारळपाणी. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री टायर एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला घेऊन खिडकीवर उभं राहावं लागतं. एसटीतही सवलत आहे. आमच्यासोबत शेक घ्यायला येणाऱ्या एका आजोबांना हे शेवटच्या आठवड्यात कळलं. त्यांनी कंडक्टरशी भांडून घेतलं, बिचाऱ्या कंडक्टरची काय चूक.

असंच आणखी एक, फारसं कुणाला माहीत नसलेलं. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेली जी बडी हॉस्पिटलं आहेत, पुण्या-मुंबईतली काचेच्या दारांचीसुद्धा, त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. हॉस्पिटल हे आपणहून सांगत नाही. तिथं जाऊन ‘धर्मादायचा बेड’ असं तोंडानं म्हणावं लागतं, आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हातात असावा लागतो. बाकी काही नाही केलं तरी निदान झालं त्या आठवड्यात हा दाखला काढून ठेवावा, असं मी आता सगळ्यांना सांगतो. मुख्यमंत्री निधीलाही तो लागतो. शिवाय डॉक्टरच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि रुग्ण दाखल असतानाचा जिओ-टॅग फोटो, म्हणजे कुठे काढला त्याची नोंद असलेला. अर्जाला पैसे पडत नाहीत. हॉस्पिटलबाहेर ‘करून देतो’ म्हणणारे भेटले तर पुढे चालू लागावं.

मामीच्या किमोचं औषध जुनं आणि स्वस्त, म्हणून आम्हाला त्याची झळ बसली नाही. पण तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला स्तनाचा कॅन्सर होता आणि तिच्या नवऱ्यानं मला दोन दुकानांची एकाच इंजेक्शनची दोन बिलं दाखवली, त्यात हजारोंचा फरक. २०१९ मध्ये केंद्राच्या औषध किंमत नियामकानं कॅन्सरच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला, तेव्हा काहींच्या छापील किमती निम्म्याहून खाली आल्या. म्हणजे तोवर रुग्ण कशाचे पैसे देत होते, याचा विचार न केलेलाच बरा. सरकारी ‘अमृत’ दुकानांत आणि जनऔषधीत एकदा भाव विचारून मगच बाहेरून घ्यावं.

या सगळ्या काळात अमेरिकेतला माझा मावसभाऊ रात्री-अपरात्री लिंक पाठवायचा. तिथली नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, १९३७ सालची, तिथल्या सरकारची. त्यांच्या साइटवर प्रत्येक कॅन्सरबद्दल दोन वेगवेगळी पानं असतात, एक डॉक्टरांसाठी, एक रुग्णासाठी. शिवाय फोन लावला की माहिती सांगणारा माणूस बोलतो, ही सोय १९७० च्या दशकापासून आहे. मी ती पानं वाचून मामीला मराठीत सांगायचो. किमोच्या दिवशी पाणी जास्त का प्यायचं, ताप शंभरावर गेला तर त्याच रात्री का निघायचं. मामी ऐकून घ्यायची आणि एकच प्रश्न विचारायची, तो नेमका त्या पानावर नसायचा. “वांगं चालतंय का?”

माझी खरी तक्रार इथं आहे. आपल्याकडे पैशाची सोय झाली आहे, ती वाढतेही आहे. २०१८ पासून महाराष्ट्रातल्या काही जिल्हा रुग्णालयांत टाटानं शिकवलेले डॉक्टर किमो देतात. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरचं डे-केअर केंद्र करायचं जाहीर झालं आहे. झालं तर उत्तमच. पण मामीच्या प्रश्नाला मामीच्या भाषेत उत्तर देणारा सरकारी आवाज कुठे आहे? तो नसतो तिथं व्हॉट्सॲप येतं. गोमूत्र येतं, साखर बंद करा येतं, ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हे तर हमखास येतं. आमच्या मामीचे दोन महिने उष्णतेच्या गोळ्यांत गेले. शेजारच्या गावातली एक बाई तुकड्याच्या भीतीनं तपासायलाच गेली नाही. तिच्यावर ५ लाखांचं कवच होतंच की.

आणि तपासणीचं म्हणाल तर, जो निष्कर्ष या मातीतून जगाला गेला तो इथं परत आलेला नाही. तिशीपुढच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी तपासणी, असं राष्ट्रीय कार्यक्रमात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयातल्या, ही तपासणी कधी तरी झालेल्या बायका २ टक्केसुद्धा निघाल्या नाहीत. ही तपासणी तरी काय, डोळ्यांनी पाहून करायची तीच, गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावायचं आणि मिनिटभरानं पांढरा डाग दिसतो का ते बघायचं. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दहावी शिकलेल्या कार्यकर्त्यांनी दीड लाख बायकांवरच्या टाटाच्या अभ्यासात हे काम केलं आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

मामीच्या सुनेला परवा मीच आठवण केली. आशाताईनं तिचा फॉर्म केव्हाच भरलेला होता. बीपी झालं, शुगर झाली, तिसऱ्या, या तपासणीच्या रकान्यात ‘संदर्भित’, म्हणजे पुढच्या दवाखान्यात पाठवलं. ती ग्रामीण रुग्णालयात गेली, तपासून आली, डाग नाही. घरी येऊन तिनं सासूला सांगितलं, कसं केलं, किती वेळ लागला.

“एवढंच असतंय व्हय?” मामी म्हणाली, आणि संध्याकाळी स्वतः गल्लीत फिरून आणखी दोघींना तयार केलं. त्या मंगळवारी गेल्या, तर तपासणी शिकलेली सिस्टर प्रशिक्षणाला गेलेली. पुढच्या मंगळवारी बोलावलंय.